विंगेतला पाऊस

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलांनी एक छोटे नाटुकले बसवायला घेतले होते. त्यात दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी पाऊस येतो. पेरणी खोळंबली आहे, घरात दाणा नाही, म्हातारा आभाळाकडे टक लावून बसला आहे आणि एवढ्यात पाऊस येतो, असा तो प्रसंग. नाटक कसेही असो, आमच्या परभणीच्या मुलखात रंगभूमीवर पाऊस आला की प्रेक्षक सुखावतातच! आमच्या एका विद्यार्थ्याने खिशातून मोबाईल काढला, बोटाने काहीतरी चाळवले आणि धो धो पाऊस सुरू झाला. आवाज मोठा झकास होता. पण आठवीतली एक मुलगी कपाळाला आठी घालून म्हणाली, "सर, हा पाऊस आपला नाही. हा झाडांवर पडतोय. आपल्याकडं पत्र्यावर पडतो."

पोरीचे म्हणणे खरे होते. मी शाळेच्या स्वयंपाकखोलीतून एक सूप मागवले, त्यात दोन ओंजळी ज्वारी घातली आणि मुलांना पाठ फिरवून डोळे मिटायला सांगितले. सूप हळूहळू एका बाजूला कलते केले, मग दुसऱ्या बाजूला. दूरवरून सर येऊ लागली. मग एकाने डब्याच्या झाकणावर चार-चार दाणे टाकायला सुरुवात केली, आणि पत्र्यावरचे पहिले टपोरे थेंब पडू लागले. मुले हसली, टाळ्या पिटू लागली. मी मात्र हसता हसता थोडा गप्प झालो. त्याचे कारण शेवटी सांगेन. तत्पूर्वी, वाचकहो, या विंगेतल्या पावसाची, म्हणजे नाटकातल्या आणि चित्रपटातल्या आवाजाची जी कहाणी मला ठाऊक आहे, ती सांगावीशी वाटते. दिवाळीच्या फराळाबरोबर ती जड होणार नाही अशी आशा आहे.

मराठी नाटकाचा जन्म आपण १८४३ सालचा मानतो. त्या वर्षी सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. त्या वेळी वीज नव्हती, पडद्यामागे कसले यंत्र नव्हते. सूत्रधाराचा गळा, मृदंग आणि झांजा एवढ्यांवर सारा खेळ उभा असे. राक्षसाचा प्रवेश आला की पात्र आरडाओरडा करीत, तलवार परजत येई. त्या आरोळीवरून त्या सबंध नाटकांनाच पुढे 'अलल्डुर्र' नाटके असे थट्टेचे नाव पडले. आजच्या शिकल्यासवरल्या माणसाला त्याचे हसू येते. पण मशालीच्या उजेडात, शेवटच्या रांगेतल्या माणसाला राक्षस नीट दिसत नसेल तर तो त्याला ऐकवलाच पाहिजे, हे त्या मंडळींना कुणी न शिकवता कळले होते.

पुढे १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' झाले आणि मराठी माणूस नाटक पाहायला जाण्याऐवजी ऐकायला जाऊ लागला. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर होते. लोक त्यांना लाडाने भावड्या म्हणत. त्यांच्या आवाजाविषयी जुन्या लोकांनी जे लिहून ठेवले आहे ते वाचताना अंगावर काटा येतो. तो आवाज नाटकगृहाच्या बाहेर रस्त्यावर ऐकू येई आणि तिकिटाला पैसे नसलेले लोक भिंतीला कान लावून उभे राहत, असे सांगतात. हा भावड्या १९०१ साली वारला. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन कलकत्त्याला उतरला तो १९०२ साली! जेमतेम पावणेदोन वर्षांचे अंतर. तेवढ्याने चुकामूक झाली आणि महाराष्ट्राचा एक आवाज केवळ वर्णनापुरता उरला. त्याची छायाचित्रे आहेत, त्याच्या भूमिकांच्या आठवणी आहेत, पण गळा नाही.

गायस्बर्गचे ते यंत्र आजच्या मानाने फार बाळबोध होते. त्याला वीज लागत नसे. गाणाऱ्याने एका भोंग्यात तोंड घालून गायचे. त्याच्या आवाजाने पलीकडचा पातळ पडदा थरथरे, पडद्याला जोडलेली सुई हले आणि ती फिरत्या मेणाच्या तबकडीवर रेघ कोरत जाई. आवाजाने स्वतःचीच लिपी लिहावी असा तो प्रकार. वरची तान आली की गाणाऱ्याने मान मागे घ्यावी, मंद्रात गेले की पुढे यावे. साथीची वाद्ये मागे कुठेतरी राहत. ती मेणाची तबकडी मग बोटीने जर्मनीतल्या हॅनोव्हरला जाई आणि तिथे तिच्यावरून तबकड्या छापल्या जात. तिथल्या कामगारांना गाणे कुणाचे हे कळावे म्हणून गाणे संपताच गायिका आपले नाव इंग्रजीतून ओरडून सांगत. गोहरजानच्या जुन्या तबकड्यांवर तिचे ते वाक्य आजही ऐकू येते. गाणे कानाआड झाले तरी नाव सांगतानाचा तो ठसका विसरत नाही.

बालगंधर्वांच्या वेळी हा सोहळा ऐन भरात आला. त्यांच्या तबकड्या घरोघर गेल्या. आमच्या निजामी मुलखातही एखाद्या देशमुखाच्या वाड्यात भोंग्याचे यंत्र असे आणि सणासुदीला ते ओसरीवर आणून ठेवीत, असे जुनी माणसे सांगत. पण त्या तबकडीत मावत होते किती? एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटे! नाटकगृहात ज्या पदाला 'वन्समोअर'वर 'वन्समोअर' पडत, तिरखवाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी यांच्या संगतीने जे पद रात्र चढवीत नेई, ते तीन मिनिटांत उरकायचे. तबकडीत गंधर्वांचा गळा उतरला, पण समोरच्या हजार माणसांचा सुस्कारा उतरला नाही. आवाज टिकला, त्याच्या भोवतालची हवा मात्र बाहेर राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढची सारी कहाणी त्या हवेचीच आहे.

१९३१ च्या १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' झळकला आणि हिंदुस्थानचा चित्रपट बोलू लागला. आता आवाज मेणावर न कोरता प्रकाशाने लिहिला जाऊ लागला. बोलण्याने मायक्रोफोनमध्ये विजेचा प्रवाह कमीजास्त होतो, त्या प्रवाहाने दिव्याचा उजेड कमीजास्त होतो आणि तो उजेड फिल्मच्या कडेला एक बारीक पट्टी उमटवतो. चित्रपटगृहात त्याच पट्टीतून उजेड सोडला की उलट क्रमाने पुन्हा आवाज! पण मायक्रोफोन बिचारा भोळा. त्याला नायिकेचे बोलणे आणि आगगाडीची शिटी यांतला भेद कळत नाही. इराणींच्या स्टुडिओशेजारून रेल्वेचे रूळ जात. म्हणून गाड्यांची ये-जा थांबली की रात्री-अपरात्री चित्रण करायचे, मायक्रोफोन कुठेतरी दडवून ठेवायचे आणि वाजवणाऱ्यांनी दृश्याबाहेर लपून वाजवायचे, अशी त्या चित्रपटाची कथा आहे.

दुसऱ्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापुरात प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' काढला. मराठी बोलपटांत आपण त्याला पहिलेपणाचा मान देतो. राजा हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे. ही नावे सर्वांना ठाऊक असतात. ध्वनिलेखनाची जबाबदारी ज्यांनी उचलली त्या विष्णुपंत दामल्यांचे नाव मात्र त्या संदर्भात क्वचितच निघते. हा माणूस मूळचा पडदे रंगवणारा, यंत्राशी खेळणारा. मूकपटांच्या जमान्यात वाढलेला हा कारागीर परदेशी यंत्र समोर ठेवून आवाज पकडायला शिकला. पुढे १९३६ साली ज्या 'संत तुकारामा'ने व्हेनिसपर्यंत मराठीचे नाव नेले, तो चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या दामले-फत्तेलाल जोडीतले हेच दामले.

प्रभातचे मला सर्वांत मोठे वाटते ते काम मात्र १९३७ चे. शांतारामबापूंचा 'कुंकू'. म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात फसवून बांधलेली एक करारी मुलगी आणि तिने मांडलेला निमूट पण न वाकणारा विरोध, अशी ती कथा. त्या काळी नायिकेच्या डोळ्यांत पाणी आले की कुठूनतरी व्हायोलिने रडू लागत. 'कुंकवा'त या पार्श्वसंगीताला सरळ फाटा दिला. जो आवाज त्या घरात खरोखर असू शकेल तोच ऐकू यायचा. संगीत केशवराव भोळ्यांसारख्या जाणत्याचे असूनही हा निग्रह पाळला गेला. काकासाहेबांचे ते भिंतीवरचे घड्याळ आठवा. त्याची टिकटिक ऐकू येते आणि म्हाताऱ्याचे सरत आलेले आयुष्य आपल्याला कुणी न सांगता कळते. आज 'ध्वनिसंयोजन' म्हणून ज्या विद्येचे अभ्यासक्रम निघाले आहेत, तिचा पहिला धडा मराठीत त्या घड्याळाने दिला असे मी मानतो. योगायोग पाहा! पुण्याच्या ज्या आवारात हा चित्रपट निर्माण झाला, त्याच प्रभातनगरीत १९६० साली सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली. ध्वनिलेखन शिकून तिथून बाहेर पडलेल्या रसूल पुकुट्टींना २००९ साली 'स्लमडॉग मिल्यनेअर'च्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळाले.

रंगभूमीवरही हाच बदल वेगळ्या वाटेने येत होता. १९३३ साली नाट्यमन्वंतर मंडळींनी 'आंधळ्यांची शाळा' केले तेव्हा दिवाणखाना दिवाणखान्यासारखा दिसू लागला आणि माणसे घरात बोलतात तशी रंगमंचावर बोलू लागली. पुढे टेपरेकॉर्डर आला. १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने गावोगावच्या हौशी मंडळींना नेपथ्य आणि प्रकाशाबरोबर पार्श्वसंगीताचाही विचार करायला लावले. परभणीच्या केंद्रावर मी तो खटाटोप जवळून पाहिला आहे. विंगेतला तो माणूस हातात संहिता घेऊन, एक डोळा नटाकडे आणि एक बोट कळीवर ठेवून उभा असतो. दार आधी वाजायचे आणि नट नंतर 'कोण आहे?' म्हणायचा, हा क्रम अर्ध्या क्षणाने चुकला तर शोकांतिकेचे प्रहसन व्हायला वेळ लागत नाही! आणि एवढे यंत्र हाताशी आल्यावर, १९७२ साली 'घाशीराम कोतवाला'त जब्बार पटेल आणि भास्कर चंदावरकरांनी ब्राह्मणांची एक रांगच पडदा म्हणून उभी केली, तिलाच गायला-डोलायला लावले. भाव्यांच्या सूत्रधाराचा जिवंत गळा फिरून रंगमंचावर आला.

आता माहितीपटाकडे वळू. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. मुख्य चित्रपटाआधी त्यांचे अनुबोधपट दाखवणे चित्रपटगृहांना सक्तीचे असे. धरणे, कालवे, सुधारलेली बियाणी, देवीची लस यांचे दर्शन पुष्कळांना तिथेच प्रथम झाले. (ही संस्था २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.) त्या जुन्या पटांत एक गंमत असे. पडद्यावर शेतकऱ्याचे तोंड हलताना दिसे, पण ऐकू येई तो निवेदकाचा भारदस्त, धुतल्या धोतरासारखा स्वच्छ आवाज. शेतकरी काय म्हणाला ते शेतकऱ्यालाच ठाऊक!

यात सगळी लबाडीच होती असे नाही. ध्वनिमुद्रणाचे यंत्र इतके अवजड की ते बांधावर न्यायचे कसे? १९५१ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये कुडेल्स्की नावाच्या, मूळच्या पोलंडच्या तरुणाने खांद्याला लटकवता येईल असे टेपयंत्र बनवले. त्याचे नाव 'नाग्रा'. पोलिश भाषेत त्याचा अर्थ 'हे टिपून घेईल' असा होतो म्हणे. पुढच्या काही वर्षांत त्यात सुधारणा होत गेल्या आणि माणूस जिथे असेल तिथे जाऊन त्याचा आवाज आणणे शक्य झाले. आपल्याकडे १९६७ साली एस. एन. एस. शास्त्रींनी 'आय ॲम ट्वेंटी' केला. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली पोरे त्यात स्वतःच्या तोंडाने, अडखळत, कधी रागाने बोलतात. त्याच वर्षी सुखदेव यांनी देशभर फिरून केलेल्या 'इंडिया ६७'मध्ये निवेदकच ठेवला नाही. चाके, भोंगे, भजने, बाजार यांनीच बोलायचे. सरकारी संस्थेच्या पडद्यावर माणसाला आपला आवाज मिळायला वीस वर्षे लागली, हेही ध्यानात असू द्यावे.

एवढा इतिहास सांगितल्यावर आता माझी गोष्ट.

माझी आजी जात्यावर बसली की ओव्या म्हणे. गावात पिठाची गिरणी येऊन कितीतरी वर्षे झाली होती. पण दिवाळीच्या चकल्यांची भाजणी गिरणीत जळते, असे तिचे ठाम मत होते. मी आठवीत असताना माझे काका दिवाळीला नवा टेपरेकॉर्डर घेऊन आले. पहाटे आजी जात्यावर बसली तसे काकांनी यंत्र पुढे ठेवले. थोडे ऐकून पाहिले तर घरघरीत शब्द बुडत होते. काका म्हणाले, "माय, जातं थांबव अन् नुसतं म्हण." आजीने खुंट्यावरचा हात काढला. तोंड उघडले. आणि तिला एकही ओवी आठवेना! दोन-तीनदा प्रयत्न केला. मग ती हसून म्हणाली, "हात थांबला की गाणं थांबतंय बाबा. तू तुझं डबडं लांब ठेव." काकांनी यंत्र दोन हात मागे सरकवले आणि ती अर्धा तास गायली. माहेर, भाऊ, पंढरी आणि आमच्याच गंगाखेडची जनाबाई. जनीचे दळण दळू लागायला विठ्ठल येतो, ही गोष्ट आजी अशी सांगे की जणू तो कालच येऊन गेला.

पुढल्या पावसाळ्यात आजी गेली. त्याच वर्षी शाळेच्या संमेलनात आम्ही एकांकिका करीत होतो आणि तिला ढगांचा गडगडाट हवा होता. ते काम मी अंगावर घेतले. गोठ्यावरचा एक सुटा पत्रा आणला, दोघांनी तो दोन टोकांनी धरून हलवला आणि मी ते सारे मोठ्या ऐटीत टेप केले. कॅसेट कपाटात सापडली ती. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकच्या दोन चिमुकल्या टिकल्या असतात. त्या मोडून टाकल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. एवढी साधी गोष्ट आम्हा कुणालाच ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर यंत्राची कळच दबली नसती. नवे भरताना यंत्र आधी जुने पुसते आणि मग लिहिते. त्याची यात काही चूक नाही. संमेलनात माझा गडगडाट फार गाजला. मास्तरांनी पाठ थोपटली.

आजीच्या वर्षश्राद्धाला आत्या आल्या, काका आले. जेवणे झाल्यावर काकांनी ती कॅसेट लावली. सारे पदर सावरून, पाय पोटाशी घेऊन ऐकायला बसले. आणि आमच्या माजघरात ढग गडगडू लागले.

कुणी काही बोलले नाही. मी तिथून उठूही शकलो नाही. गडगडाट संपला तसा एक खटका वाजला आणि त्यापुढे, मी न पुसलेल्या उरल्यासुरल्या फितीवर, जात्याची घरघर आली. ओवी नव्हती. आजी दम घेत असावी किंवा जात्यात वैरण टाकीत असावी. बांगड्यांचा बारीक किणकिणाट, घरघर, आणि कॅसेट संपली. थोरली आत्या पदराने डोळे पुसत म्हणाली, "असू दे रे. हात तरी ऐकू आला तिचा."

त्याच सुमाराची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पुण्याच्या हेमा रायरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण पुण्याला घर मानलेले गी पॉइटव्हँ हे दोघे ऐंशीच्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखावर गेली. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक त्यांना मिळाले आणि नुसते शब्द नव्हे, आवाजही टिपले जाऊ लागले. सुमारे १२० तासांचे ते मुद्रण आहे. हेमाताई आणि पॉइटव्हँ आज हयात नाहीत. पण २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या साऱ्या जगाला खुल्या केल्या आहेत. आणि त्या मुद्रणासाठी ही मंडळी आमच्या जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसला येऊन गेली होती! माझ्या गावापासून आठ-दहा कोसांवर. मी पत्रा हलवून आजीला पुसले, आणि त्याच दशकात शेजारच्या गावात कुणी हळुवार हाताने यंत्र पुढे करून बसले होते.

ताडकळसच्या त्या बाईंच्या ओव्या मी ऐकल्या आहेत. वनवासातल्या सीतेचे दुःख त्या गातात. आवाज भरदार, वरच्या सुराला न बिचकणारा. संग्रहात गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तालुका अशी सारी नोंद आवाजाशेजारी आहे. हॅनोव्हरच्या कामगारांसाठी गोहरजानने जे ओरडून सांगितले, ते इथे कुणीतरी तिच्या वतीने नीट लिहून ठेवले आहे. मी ऐकत बसलो तेव्हा भावड्याची आठवण झाली, 'कुंकवा'तल्या घड्याळाची झाली आणि आमच्या माजघरातल्या गडगडाटाचीही झाली.

म्हणून या दिवाळीत, वाचकहो, एक करा. आता प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे. घरातले वडीलधारे माणूस चकल्या पाडत असेल, वाती वळत असेल, तेव्हा ते हळूच जवळ ठेवा. आधी तारीख, गाव आणि त्या माणसाचे नाव स्वतःच्या तोंडाने सांगा. मग गप्प बसा. "काम थांबवून बोल" असे म्हणू नका. तेल चुरचुरू द्या, भांडे पडू द्या, नातवंड मध्येच रडू द्या. झाले की नाव घालून दोन जागी जपून ठेवा, आणि घरातल्या पोरांना ते कुठे ठेवले आहे तेही सांगा.

आमच्या नाटुकल्यात शेवटी सुपातलाच पाऊस पडला. सूप धरायला ती आठवीतली मुलगी उभी होती. म्हाताऱ्याने आभाळाकडे पाहिले, तिने सूप कलते केले, आणि मागच्या रांगेतला एक शेतकरी चक्क खुर्चीवरून वर पाहू लागला.